पाप, सवय आणि मेंदू: माणसाच्या हातात नेमकं किती असतं?

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण पोरं हल्ली पाळकसाहेबांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारू लागली आहेत. आठवडाभर मोबाइलवर डोपामाइन, सिरोटोनिन, ट्रॉमा असले शब्द कानावर पडतात आणि रविवारी उपासनेत ‘आम्ही पापी आहोत’ अशी कबुली द्यायची. मग दारू पिणं हे पाप की आजार? प्रार्थना करताना मनात घाण विचार आला, तर ते पाप झालं का? आणि सगळं मेंदूच करत असेल, तर देवाने माणसाला जाब तरी कशाचा विचारायचा?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची दोन सोपी उत्तरं तयार मिळतात आणि दोन्ही माझ्या मते चुकीची आहेत. एक म्हणतं, विज्ञानाने पाप निकालात काढलं. दुसरं म्हणतं, मानसोपचार ही पापाला दिलेली सवलत आहे. खरी गंमत या दोहोंच्या मध्ये आहे.

आधी बाकीच्या कोल्हापूरकरांसाठी थोडं सांगतो. इथे ख्रिस्ती लोक संख्येने थोडे, पण नवखे नव्हेत. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही आहे. तरी शेजारच्या ख्रिस्ती घरात पाप म्हणजे काय मानतात, याची कल्पना फारशी कुणाला नसते. आपल्याकडे साधारण समज असा की पाप हे एकेक कृत्य, ते पुण्याच्या समोर मांडायचं आणि शेवटी हिशोब होतो. ख्रिस्ती विचारात कृत्यं आहेतच, चोरी, खोटं, व्यभिचार, सगळी. पण त्यांच्या मागे माणसाची एक अवस्था आहे. माणूस मुळातच देवापासून आणि स्वतःच्या भल्यापासून तुटलेला आहे, त्याची इच्छाच वाकडी झाली आहे आणि नुसता निश्चय करून ती सरळ होत नाही. म्हणून तिथे कमाईपेक्षा कृपेवर जोर. पहिल्या शतकात येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हे अगदी उघड कबूल केलंय: जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे वाईट करायचं नसतं तेच मी करतो.

हे वाक्य एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात निनावी वाचून दाखवा. निम्मे लोक म्हणतील, हे आमच्यातल्याच कुणीतरी लिहिलंय.

सोळा वर्षांच्या पोराची चोरी

या विचाराला सविस्तर रूप दिलं ऑगस्टीन या धर्मपंडिताने. जन्म ३५४ सालचा, आजच्या अल्जीरियात. आत्मकथनात त्याने सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीवर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. चोरी कसली, तर शेजारच्या झाडावरच्या नाशपातींची. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. रात्री पोरांनी मिळून झाड हलवलं, फळं उतरवली आणि बरीचशी डुकरांना टाकली. मग मी हे केलं का, असं तो विचारत राहतो आणि एक बारीक गोष्ट त्याच्या लक्षात येते: एकटा असतो, तर केलं नसतं.

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली नेमकं हेच मोजलं. गाडी चालवण्याच्या एका संगणकी खेळात १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना जितका धोका पत्करत, त्याच्या साधारण दुप्पट धोका ती मित्र शेजारी असताना पत्करत होती. मोठ्या माणसांत हा फरक जवळपास नव्हता. पुढे मेंदूच्या प्रतिमा घेतल्यावर दिसलं की मित्र बघताहेत एवढ्यानेही किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त पेटतो. आवर घालणारा कपाळामागचा भाग तर विशी ओलांडेपर्यंत पक्व होतच असतो. रंकाळ्याच्या कडेने संध्याकाळी ट्रिपल सीट जाणाऱ्या पोरांकडे बघा. त्यातलं एकटं पोरगं गाडीवर असलं, की सिग्नलला मुकाट थांबतं.

आता यावरून ऑगस्टीनची चोरी चोरी राहत नाही का? राहते. फक्त ‘पोरगं मुळातच वाईट’ हे म्हणणं टिकत नाही. आणि गंमत म्हणजे ऑगस्टीन स्वतःही तसं म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं होतं की हा वाकडेपणा सगळ्यांत आहे, बिशप झालेल्या त्याच्यात सुद्धा. त्याच्याच काळात पेलाजियस नावाचा एक साधू सांगत होता की मनात आणलं तर माणूस निष्पाप राहू शकतो. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ही शिकवण फेटाळली. पेलाजियसचं म्हणणं ऐकायला उमेद देणारं, पण ज्याला जमत नाही त्याच्यावर ते फार कठोर होतं. आजचे ‘मनावर घे, सगळं शक्य आहे’ म्हणणारे वक्ते थेट त्याच्याच पंथातले.

माणूस मुळातच वाकडा आहे या, म्हणजे मूळपापाच्या, कल्पनेची मांडणी सगळ्या चर्चेसमध्ये एकसारखी नाही, हेही लक्षात ठेवा. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस म्हणतात, आदामाकडून माणसाला मरण आणि दुबळेपणा मिळाला, आदामाचा दोष वारशाने आला नाही. मेंदूविज्ञानाच्या शेजारी बसायला ही मांडणी जास्त सोयीची आहे, असं मला वाटतं.

मावा आणि माकडं

ऑगस्टीनचं सर्वांत मोलाचं निरीक्षण सवयीबद्दलचं आहे. वाकड्या इच्छेतून वासना आली, वासना पुरवत गेलो तशी सवय लागली, सवयीला अडवलं नाही तशी ती गरज होऊन बसली, आणि या कड्या एकमेकींत अडकून साखळी झाली, असं त्याने साधारण ३९७ ते ४०० या काळात लिहून ठेवलं.

या साखळीच्या आत काय घडतं ते गेल्या पन्नासेक वर्षांत उलगडलं. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन सोडणाऱ्या पेशींवर काम केलं. सुरुवातीला या पेशी रसाचा थेंब तोंडात पडला की जाग्या होत. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तेव्हा त्या दिवा लागतानाच जाग्या होऊ लागल्या आणि रस मिळताना गप्प राहू लागल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही खाली जात. म्हणजे डोपामाइन हे सुखाचं रसायन, असं जे सर्रास सांगितलं जातं ते अर्धवट आहे. ते अपेक्षेचं आणि ओढीचं रसायन जास्त. केंट बेरिज यांनी उंदरांवर प्रयोग करून हे आणखी स्पष्ट केलं. डोपामाइन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या तोंडात साखरपाणी घातलं तर तो मिटक्या मारतो, त्याला ते आवडतं. पण चार पावलांवर ठेवलेलं अन्न घ्यायला तो उठत नाही. आवडणं वेगळं, हवंसं वाटणं वेगळं, आणि मेंदूत दोन्हींच्या वाटाही वेगळ्या.

आता टपरीवर या. मावा खाणाऱ्याला विचारा, मजा येते का? वीस वर्षं खाणारा माणूस प्रामाणिक असेल तर सांगतो, मजा केव्हाच गेली. तोंड पुरतं उघडत नाही, तिखट लागलं की गाल जळतो, डॉक्टरांनी दम दिलाय. पण टपरीवाल्याने प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घालून तळहातावर घोळायला सुरुवात केली, की त्या चर्र-चर्र आवाजाने याचा हात आपोआप खिशाकडे जातो. शुल्ट्झच्या माकडाचा दिवा तो हाच. आवड मेली आणि ओढ मात्र वाढत गेली. वारंवार केलेल्या गोष्टीचा ताबा हळूहळू मेंदूच्या खोल भागातल्या सवयीच्या यंत्रणेकडे जातो आणि विचार करणाऱ्या भागाला विचारलंही जात नाही. ऊस हंगामात बैलगाड्या जाऊन जाऊन शेतरस्त्याला चाकोरी पडते आणि मग गाडीवानाने कासरा कितीही ओढला तरी चाक चाकोरीतच उतरतं, तशी ही गत. चाकोरीतून गाडी बाहेर काढता येत नाही असं नाही, पण नुसत्या ओरडण्याने निघत नाही.

इथे ऑगस्टीन आणि प्रयोगशाळा एका ओळीत येतात. व्यसनी माणसाला ‘मनात असेल तर सोडशील’ म्हणणं हे विज्ञानात बसत नाही आणि जुन्या ख्रिस्ती शिकवणुकीतही बसत नाही. तरी चर्चमधली मंडळी ते म्हणतातच.

गाठ काढली आणि…

आता अवघड प्रकरण. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला ४० वर्षांचा एक शिक्षक. आधी असं काहीच नसताना त्याला अचानक लहान मुलांची अश्लील चित्रं गोळा करण्याचा नाद लागला आणि तो अल्पवयीन सावत्र मुलीशी गैरवर्तन करण्यापर्यंत गेला. दोषी ठरला. शिक्षेच्या आदल्या रात्री असह्य डोकेदुखी म्हणून रुग्णालयात आला, तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूला, डोळ्यांच्या वरच्या भागात, अंड्याएवढी गाठ सापडली. ती काढली आणि हा नाद गेला. काही महिन्यांनी डोकं परत दुखू लागलं, नाद परत आला. तपासलं तर गाठ परत वाढलेली. पुन्हा काढली, पुन्हा गेला. २००३ साली डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातली सर्वांत टोचणारी गोष्ट अशी की त्या माणसाला हे वाईट आहे हे पूर्ण कळत होतं. कळत होतं, फक्त थांबता येत नव्हतं. पौलाचा सातवा अध्यायच.

हे वाचून पुष्कळ लोक निष्कर्ष काढतात की मग कुणीच जबाबदार नाही. मला ते पटत नाही. मेंदूत काहीतरी घडतं म्हणून माणूस सुटतो असं म्हटलं, तर दानधर्म करणाराही सुटला, कारण तोही मेंदूनेच करतो. प्रत्येक कृतीमागे मेंदू आहे, त्यामुळे ‘पाप की मेंदू’ हा प्रश्नच फसवा आहे. विचारण्यासारखं एवढंच: या माणसाच्या हातात त्या वेळी किती होतं? गाठ असलेल्याच्या हातात फार थोडं. मावा खाणाऱ्याच्या हातात टपरीसमोर थोडं, पण टपरीचा रस्ता टाळण्याइतकं बऱ्यापैकी. ठरवून हिशोबात पैसे खाणाऱ्या विश्वस्ताच्या हातात जवळजवळ सगळं.

आणि हा भेद कॅथलिक परंपरेने फार आधी करून ठेवलाय. पाप प्राणघातक, म्हणजे माणसाचं देवाशी नातं तोडणारं, ठरायला तिथे तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, पूर्ण जाण हवी आणि पूर्ण संमती हवी. भीती, जडलेली सवय, मनाचा आजार यांनी दोष कमी होतो, हे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट लिहिलंय. आपल्या फौजदारी कायद्यातही मनोविकलतेमुळे कृत्याचं स्वरूप किंवा त्यातला गैरपणा न कळणाऱ्याला सूट आहे, पूर्वी दंडसंहितेचं कलम ८४, आता न्याय संहितेचं कलम २२. यात कायद्यापेक्षा धर्मशास्त्र एक पाऊल पुढे आहे. कायदा मुख्यतः कळत होतं का ते विचारतो, धर्मशास्त्र थांबता येत होतं का हेही विचारतं.

आत्महत्येबाबत चर्चने याच तर्काने भूमिका बदलली. १९१७ च्या कॅथलिक धर्मकायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धार्मिक दफन नव्हतं. १९८३ च्या कायद्यातून ती बंदी वगळली गेली. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरूनच चालतो की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता. घरात कुणी असं गेलं असेल आणि नात्यातलं कुणी अजूनही ‘नरकात गेला’ म्हणत असेल, तर त्याचं म्हणणं चाळीस वर्षं शिळं आहे.

आलेला विचार आणि धरून ठेवलेला विचार

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथे. समजा, शाहूपुरीत राहणारी एक कॉलेजातली मुलगी आहे, भाविक, आईच्या शेजारी बसून गीतं म्हणणारी. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी तिच्या मनात येशूबद्दल घाणेरडी शिवी येते. ती हादरते, क्षमा मागते. पुन्हा येते. मग क्षमा नीट मनापासून मागितली की नाही याची शंका. प्रार्थना पहिल्यापासून. दहा मिनिटांची प्रार्थना तासावर जाते. त्यात डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की वासनेने पाहिलं तरी मनात व्यभिचार झालाच. म्हणजे विचार आला की कृत्य झालं, असं ती धरून चालते.

हे पाप नव्हे आणि श्रद्धेचा अतिरेकही नव्हे. हा ओसीडीचा, म्हणजे नकोसे विचार आणि तीच ती कृती यांच्या चक्रात माणसाला अडकवणाऱ्या मनाच्या आजाराचा, एक प्रकार आहे. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ साली दाखवलं की आजारी नसलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या मनात असे नकोसे विचार येतात आणि मजकूर रुग्णांच्या विचारांसारखाच असतो. २०१४ च्या एका अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांपैकी जवळपास ९४ टक्क्यांनी गेल्या तीन महिन्यांत असा निदान एक विचार आल्याचं सांगितलं. फरक विचारात नाही, त्याला दिलेल्या अर्थात आहे. बाकीचे म्हणतात, काय वेडंवाकडं मनात येतं, आणि पुढे जातात. ओसीडीत कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या आतले भाग यांच्यातलं एक वर्तुळ जास्त जोराने फिरत राहतं आणि ‘काहीतरी चुकलंय’ ही जाणीव विझत नाही.

धर्माने ही जाणीव वाढते का? अॅडम कोहेन आणि पॉल रोझिन यांनी २००१ साली अमेरिकेतल्या ज्यू आणि प्रोटेस्टंट लोकांची तुलना केली, तेव्हा मनातल्या विचाराला प्रोटेस्टंट लोक जास्त नैतिक वजन देताना दिसले. तेव्हा शिकवण काहीच करत नाही असं नाही. आजार ती निर्माण करत नाही, पण आजाराला विषय पुरवते. आपल्याकडे तोच आजार सोवळ्याचा, विटाळाचा, हात धुण्याचा विषय घेतो.

आणि शिकवणीतच औषधही आहे, हे सांगायला मात्र लोक विसरतात. इव्हाग्रियस नावाचा साधू ३९९ साली वारला, इजिप्तच्या वाळवंटात. पुढे सात महापापं म्हणून प्रसिद्ध झालेल्या यादीचा मूळ आठ गोष्टींचा गट त्याचाच. पण त्याने त्यांना पापं म्हटलं नव्हतं, विचार म्हटलं होतं. हे विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही, ते मनात रेंगाळतील की नाही हे आपल्या हाती आहे, असं त्याचं सूत्र. येशूच्या वचनातही बघून वासना धरण्याचा दोष आहे, अचानक आलेल्या विचाराचा नाही.

मात्र नुसत्या उपदेशाने ओसीडी जात नाही. पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा इथे याच त्रासाने जीव द्यायच्या विचारापर्यंत गेला होता. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करत होता. त्याला पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूने सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पण इग्नेशियसला सगळंच स्पष्ट वाटत होतं, त्यामुळे या सल्ल्याचा काडीचा उपयोग झाला नाही! मेलेल्या माणसाचं निदान करू नये हे खरं, तरी कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

कबुली: कुणाला तारक, कुणाला मारक

अपराधाची भावना वाईटच, असं मानणारे मानसशास्त्रज्ञ होते. अल्बर्ट एलिस यांनी १९६० साली पापाच्या कल्पनेला मानसोपचारात जागाच नाही असं लिहिलं. त्याच साली होबार्ट मोरर उलट म्हणाले, की केलेलं चूक म्हणून मान्य केल्याशिवाय माणूस बरा होत नाही. पुढे जून टँगनी यांच्या कामाने हा वाद पुष्कळसा सुटला. ‘मी वाईट केलं’ असं वाटणारा माणूस भरपाई करायला धडपडतो. ‘मीच वाईट’ असं वाटणारा लपतो, चिडतो, दुसऱ्यावर ढकलतो. तुरुंगातल्या ४०० हून अधिक कैद्यांचा त्यांनी माग ठेवला, तर पहिल्या प्रकारची भावना असणारे पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. तेव्हा प्रवचनात पहिलं जागवायचं की दुसरं, यावर बरंच अवलंबून आहे. लहान पोरांना संडे स्कूलमध्ये ‘तू घाणेरडा आहेस’ शिकवणारे नेमकं उलटं पेरतात.

दारूड्याला कबुली उपयोगी पडते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं परस्पर मदतीचं मंडळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं ते एका ख्रिस्ती चळवळीच्या मुशीतून. त्यांच्या १२ पायऱ्यांत आपल्या चुकांची यादी, दुसऱ्या माणसापुढे कबुली आणि ज्यांचं नुकसान केलं त्यांना भरपाई, हे सगळं आहे. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास तपासले, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीची किंवा सरस निघाली. ती आजार म्हणते आणि भरपाईही करायला लावते, दोन्ही एकदम, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नाही.

शाहूपुरीच्या त्या मुलीला मात्र हीच कबुली बाधते. ती दर दोन दिवसांनी विचारते, “पाळकसाहेब, देवाने खरंच क्षमा केली ना?” ते प्रेमाने म्हणतात, “केली गं बाई.” तिला तासभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन येते. दिलासा हाच इथे नाद होऊन बसलेला असतो. उपचार असा की विचार येऊ द्यायचा, क्षमा पुन्हा मागायची नाही, अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं, हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पायरीपायरीने. सोबत मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं, ती नैराश्यापेक्षा बरेचदा जास्त मात्रेत आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे. पाळकसाहेबांनी तिच्या संमतीने डॉक्टरांशी एकदा बोलून घेतलं तर पुढच्या वेळी ते म्हणू शकतात, “याचं उत्तर तुला मी एकदा दिलंय, आता देणार नाही.” हे कठोर वाटेल, पण आईलाही हेच शिकवावं लागतं, कारण घरी दिलासा मागण्याची पहिली जागा तीच. सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.